समाप्तीचा दिवस
(एका दीर्घ अद्‌भुतकथेचा शेवट आणि तिचे वाचक)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या इंग्रजीच्या सरांनी मला एक जाडजूड पुस्तक वाचायला दिले. "पूर्ण होईल तेव्हा आण, घाई नाही," असे ते म्हणाले. पुस्तक पूर्ण व्हायला चार महिने लागले. माझ्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मीच पहिली. त्यामुळे इंग्रजी कादंबरी म्हणजे एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात शब्दकोश, अशीच माझी बैठक असते. पुस्तक परत करताना मी सरांना विचारले, "सर, पुढे काय होते?" ते हसून म्हणाले, "पुढे आणखी तेरा खंड आहेत. आणि हाच प्रश्न विचारीत लोक तेवीस वर्षे थांबले होते."

ते पुस्तक म्हणजे रॉबर्ट जॉर्डन या अमेरिकन लेखकाच्या 'द व्हील ऑफ टाइम' या मालेचा पहिला खंड. चौदा खंडांपैकी मी पहिला आणि शेवटचे तीन असे चारच खंड पूर्ण वाचले आहेत. मधल्यांतील काही भाग वाचले, काही सरांकडून ऐकले. तेव्हा या मालेची समीक्षा करण्याचा अधिकार मला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून लहान आहे. २०१३ साली या कथेचा शेवट प्रसिद्ध झाला, तेव्हा वाचकांना एवढा आनंद का झाला आणि त्या आनंदात एवढी हुरहुर का होती, एवढेच मला पाहायचे आहे. या प्रश्नाकडे मी का वळले, ते लेखाच्या ओघात येईलच.

कथा आणि तिचा कर्ता

रॉबर्ट जॉर्डन हे टोपणनाव. लेखकाचे खरे नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. जन्म १९४८ साली, दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन येथे. तो व्हिएतनामच्या युद्धात लढला, नंतर त्याने पदार्थविज्ञानाची पदवी घेतली आणि काही काळ आरमारासाठी अणुतंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. मालेचा पहिला खंड 'द आय ऑफ द वर्ल्ड' १९९० च्या जानेवारीत निघाला.

कथेचा सांगाडा आपल्याला परका वाटत नाही. काळ हे एक चाक आहे, त्याला सात आरे आहेत, प्रत्येक आरा म्हणजे एक युग. युगे येतात, जातात आणि पुन्हा येतात. एका आडगावातला रँड नावाचा मेंढपाळाचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र, मॅट व पेरिन, यांना गाव सोडावे लागते. पुढे कळते की जगाच्या शेवटच्या लढाईत अंधाराशी सामना करणे रँडच्या नशिबी लिहिलेले आहे. प्रत्येक खंडाचे पहिले प्रकरण वाऱ्याने सुरू होते. कुठल्या तरी डोंगरात किंवा रानात वारा उठतो, आणि लेखक बजावतो की हा वारा म्हणजे आरंभ नव्हे, कारण चाकाच्या फिरण्याला आरंभ नसतो. पोथीतल्या नमनाप्रमाणे वाचक या वाऱ्याची वाट पाहत असतात.

आरंभी खंड भराभर निघाले. १९९४ पर्यंत सहा खंड झाले. नंतर वेग मंदावला: १९९६, १९९८, २०००, २००३, २००५. पात्रांची संख्या शेकड्यांवर गेली, उपकथानकांना फाटे फुटले. दहाव्या खंडात, म्हणजे २००३ च्या 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट' मध्ये, एवढी पाने होऊनही कथा जागची हलत नाही, अशी तक्रार भक्त म्हणवणाऱ्या वाचकांनीही केली. अकरावा खंड 'नाइफ ऑफ ड्रीम्स' २००५ मध्ये आला आणि कथेने पुन्हा गती घेतली. बारावा खंड शेवटचा असेल, मग तो कितीही जाड होवो, असे जॉर्डनने जाहीर केले.

परंतु २००६ च्या मार्च महिन्यात त्यानेच वाचकांना कळवले की आपल्याला हृदयाचा एक दुर्मिळ रोग झाला आहे. तो लिहीत राहिला. लिहिता येईना तेव्हा सांगून टिपणे करून घेऊ लागला. अखेरच्या दिवसांत त्याने घरच्या माणसांना जवळ बसवून शेवटापर्यंतची गोष्ट तोंडी सांगितली. १६ सप्टेंबर २००७ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो वारला. बारावा खंड अपुरा होता. मात्र अगदी शेवटचा प्रसंग त्याने स्वतः लिहून ठेवला होता.

वाट पाहणारे लोक

वाचक या सतरा वर्षांत काय करीत होते? माझ्या मते त्यांच्या उत्साहाचे मर्म येथेच आहे. मला त्यात तीन धागे दिसतात.

पहिला धागा उघड आहे. तो म्हणजे उत्सुकता. पाचव्या खंडात (१९९३) अस्मोडियन नावाचे एक पात्र मारले जाते. कोणी मारले ते लेखक सांगत नाही. या एका प्रश्नावर वाचकांनी वर्षानुवर्षे वाद घातला. खंड पुन्हा पुन्हा वाचून, कोण कुठे होते, कोणाला संधी होती, याची टाचणे काढली. उत्तर मिळाले २०१० साली, तेराव्या खंडात, तेही कथेत नव्हे, शेवटी जोडलेल्या शब्दसूचीत! इतक्या मोठ्या वादाचा निकाल एका नोंदीत लागला. कोणी चिडले, कोणी पोट धरून हसले. परंतु सतरा वर्षे एका प्रश्नाने माणसांना बोलते ठेवले, हे काय थोडे झाले?

दुसरा धागा सोबतीचा. पहिला खंड वाचला तेव्हा जो पंधरा वर्षांचा होता, तो शेवटचा खंड हाती येईपर्यंत अडतीस वर्षांचा झाला. दरम्यान त्याचे शिक्षण झाले, नोकरी लागली, कदाचित आईवडील गेले, मुले झाली. रँड, मॅट आणि पेरिन मात्र कथेत दोन-तीन वर्षांनीच मोठे झाले होते. नवा खंड यायचा म्हणजे जुने सगळे पुन्हा वाचायचे, अशी रीतच पडली होती. त्यामुळे वाचक दर वेळी आपल्या वेगवेगळ्या वयांना भेटत असे. या वाचकांचे मेळावेही भरू लागले. अटलांटा येथे २००९ पासून भरणाऱ्या मेळाव्याला लेखकाचेच नाव दिलेले आहे. एका पुस्तकासाठी माणसे शेकडो मैल येतात, हे ऐकून मला नवल वाटले नाही. आमच्याकडे पंढरीला जातात.

तिसरा धागा ऋणाचा आहे, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर दिसू लागला. तोवर "लवकर लिही" म्हणून कुरकुरणारे वाचक एकदम गप्प झाले. कथा पूर्ण व्हावी ही इच्छा आता नुसती उत्सुकता राहिली नव्हती. ज्याने एवढी वर्षे सोबत केली, त्याचे काम अर्धवट राहू नये, अशी ती भावना होती.

दुसऱ्याचा हात

जॉर्डनची पत्नी हॅरिएट मॅकडूगल हीच त्याची संपादिका होती. पतीच्या निधनानंतर ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाने लिहिलेला श्रद्धांजलीचा मजकूर तिच्या वाचनात आला. मग तिने त्याची एक कादंबरी वाचली आणि त्याला फोन केला. २००७ च्या डिसेंबरात घोषणा झाली की कथा सँडरसन पूर्ण करील. तो तेव्हा बत्तिशीच्या आत होता. तो या मालेचा वाचक होता, तोही कुमारवयात पहिला खंड हाती लागल्यापासून.

टिपणे, ध्वनिमुद्रित सूचना, लिहून झालेले प्रसंग हे सर्व त्याच्यापुढे ठेवण्यात आले. तो आधी सगळी माला पुन्हा वाचून बसला. एका खंडात ऐवज मावेना म्हणून त्याचे तीन झाले: 'द गॅदरिंग स्टॉर्म' (२००९), 'टॉवर्स ऑफ मिडनाइट' (२०१०) आणि 'अ मेमरी ऑफ लाइट' (२०१३). जॉर्डनच्या शैलीची हुबेहूब नक्कल करणार नाही, हे त्याने आधीच सांगून टाकले होते. पात्रे त्याची, घटना त्याच्या, वाक्ये मात्र माझी येतील, असा त्याचा पवित्रा होता. काही वाचकांना मॅट हे पात्र बाराव्या खंडात ओळखू येईना. त्याचा विनोद वेगळा लागतो, अशी टीका झाली. सँडरसनने ती मान्य केली. नकलेपेक्षा ही कबुली मला अधिक प्रामाणिक वाटते.

आपल्याकडे याला दाखले आहेत. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीत 'कादंबरी' हा शब्द आला, ती बाणभट्टाची 'कादंबरी' बाणाच्या मृत्यूमुळे अपुरी राहिली आणि त्याच्या मुलाने ती पुरी केली. वडील गेले आणि कथा तुटली, याचे सज्जनांना झालेले दुःख पाहून मी हे हाती घेतले, कवित्वाचा गर्व म्हणून नव्हे, असे तो उत्तरार्धाच्या आरंभी सांगतो. दुसरा दाखला घरचाच. एकनाथांचे 'भावार्थ रामायण' युद्धकांडात चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आले आणि थांबले. पुढचा भाग गावबाने पूर्ण केला, असे परंपरा मानते. पुरणपोळीच्या आवडीपायी नाथांच्या घरी राहिलेला, लोकांच्या दृष्टीने मंद असलेला हा मुलगा. नाथांच्या भोवती विद्वानांची वाण नव्हती. तरी काम गेले ते रोज जवळ बसून ऐकणाऱ्याकडे.

बाणाचा मुलगा, गावबा आणि सँडरसन हे तिघेही आधी ऐकणारे किंवा वाचणारे आहेत. अपुरी कथा पुरी करण्याचा अधिकार कोठून येतो, या प्रश्नाला माझ्यापुरते हे उत्तर आहे.

शेवटचा खंड

८ जानेवारी २०१३ रोजी 'अ मेमरी ऑफ लाइट' विक्रीस आले. मध्यरात्री दुकाने उघडून रांगा लागल्या. सँडरसन आणि हॅरिएट गावोगावी जाऊन प्रतींवर सह्या देत होते आणि रांगा सांभाळायला वाचकांतलेच स्वयंसेवक होते. आनंदात तक्रारीचा सूरही होता. पडद्यावर वाचायची प्रत छापील प्रतीनंतर तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये मिळणार होती. म्हणून रागावलेल्या काहींनी पुस्तक न वाचताच त्याला सर्वांत कमी गुण देऊन टाकले. उत्सुकतेला धीर नसतो, त्याचे हे उदाहरण.

खंड नऊशे पानांचा. त्यातले सदतिसावे प्रकरण एकटेच जवळजवळ दोनशे पानांचे आहे आणि त्याचे नाव 'शेवटची लढाई'. ते वाचताना मी दोन रात्री जागले. इतक्या पात्रांची गाठ एका रणांगणावर बांधायची म्हणजे काही धागे घाईने ओढले जाणारच, आणि तसे ते ओढले गेले आहेत. पंधरा-वीस वर्षे जपलेली काही पात्रे एखाद्या वाक्यात मरतात. युद्धवर्णनही मला लांबलेले वाटले. हे दोष सांगितलेच पाहिजेत. परंतु शेवटच्या काही पानांत भाषा एकदम शांत होते. ती पाने जॉर्डनची. पाच वर्षांपूर्वी गेलेला माणूस पुन्हा बोलू लागतो. तेथे नायकाच्या हातातली चिलीम एका गूढ रीतीने पेटते आणि ती कशी पेटली याचा खुलासा केलेला नाही. वाचक अजून त्यावर तर्क करतात. सगळी उत्तरे देऊन झाल्यावर गोष्टकाराने एक प्रश्न शिल्लक ठेवला.

येथे एक आक्षेप लक्षात घ्यायला हवा. आमच्या अभ्यासमंडळात मी हा विषय मांडला तेव्हा एका मित्राने विचारले, "हा सगळा बाजाराचा खेळ नाही का? एका खंडाचे तीन केले, तिप्पट विकले. आणि जगात एवढे प्रश्न असताना राक्षस-मांत्रिकांच्या गोष्टींत रमणे म्हणजे पळपुटेपणाच!" पहिल्या भागात तथ्य आहे. प्रकाशकाला नफा झालाच. पण वाचकाला हवा होता तो शेवट, आणि बाजाराला शेवट कधीच नको असतो. याच कथेवर २०२१ साली दूरचित्रमालिका निघाली. तीन पर्वे झाल्यावर २०२५ मध्ये ती बंद करण्यात आली. कथा अर्ध्यावर तुटली. शेवट न होण्याचे दुःख काय असते, ते त्या प्रेक्षकांना विचारावे. आक्षेपाच्या दुसऱ्या भागाला मला तर्काने उत्तर देता येत नाही. म्हणून एक अनुभव सांगते.

माझ्या घरची पोथी

माझे आजोबा चौथीपर्यंत शिकलेले. पण गावच्या मारुतीच्या देवळात चातुर्मासात पोथी वाचण्याचा मान त्यांचा होता. एक वर्ष 'हरिविजय', एक वर्ष 'रामविजय', असे आलटून पालटून चाले. ते चालीवर ओव्या म्हणत आणि शेजारचे एक काका अर्थ सांगत. दिवसभर निंदणी-खुरपणी करून आलेली माणसे डोळे चोळीत ऐकत. गोष्ट सर्वांना ठाऊक असे. रामाचे पुढे काय होणार हे कोणाला सांगावे लागत नव्हते. तरीही समाप्तीच्या दिवशी देऊळ भरून जाई. पोथीवर फुले वाहत, नारळ फुटे, क्षीरापत वाटत. आणि एक प्रघात होता. शेवटचा अध्याय संपला की पोथी लगेच मिटायची नाही. पहिल्या अध्यायाच्या चार ओव्या वाचायच्या आणि मगच बांधायची. म्हणजे पोथी संपली असे होत नाही.

मी अकरावीत असताना 'रामविजय' चालू होता. भाद्रपदात आजोबा गेले. पोथीत एकतिसाव्या अध्यायापाशी त्यांनी ठेवलेले मोरपीस तसेच होते. सुतक फिटल्यावर प्रश्न निघाला की पुढे कोण वाचणार? अर्थ सांगणाऱ्या काकांना दिसत नव्हते. कोणी म्हणाले, पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरू करू. कोणी म्हणाले, शेजारच्या गावाहून वाचणारा आणू. आजी म्हणाली, "ही रोज त्यांच्या मांडीशी बसायची, ही वाचील." देवळात मुलीने पोथी वाचायची यावर दोघातिघांनी नाके मुरडली. काकांनी विचारले, "ओव्या चुकणार आहेत का तिच्या?" तेव्हा विषय मिटला.

पहिल्या रात्री मी आजोबांच्या चालीवर म्हणायला गेले. आवाज फाटला. पोरे हसली. दुसऱ्या रात्री मी चाल सोडली आणि माझ्या आवाजात, सरळ, शब्द फोडून वाचले. नऊ अध्याय होते. जसजसा शेवट जवळ येऊ लागला तसतशी मी कमी ओव्या वाचू लागले. काका म्हणाले, "पोरी, समाप्ती टाळू नको." त्यांना कळले होते. पोथी अर्धी होती तोवर ती आजोबांची होती. पुरी झाली की त्यांचे काम संपणार, आणि ते खरोखर गेले असे होणार, असे मला वाटत होते.

समाप्तीच्या दिवशी मी चाळिसावा अध्याय संपवला, पाने उलटली आणि पहिल्या अध्यायाच्या चार ओव्या वाचल्या. देवळाबाहेर येताना एक म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "आवाज तुझा होता बाई, पण पोथी तीच होती."

सरांनी मला जॉर्डनच्या मृत्यूची आणि सँडरसनची हकिकत सांगितली, तेव्हा मला हेच आठवले. शेवटचा खंड घरी आणून तो कित्येक दिवस उघडलाच नाही, असे सांगणारे वाचक आहेत. लोकांना हा वेडेपणा वाटेल. मला वाटत नाही. पुस्तक मिटलेले असेपर्यंत लेखकाचे काही सांगायचे राहिलेले असते.

समारोप

दीर्घ कथेच्या शेवटी वाचकाला होणारा आनंद हा उत्तर मिळाल्याचा आनंद असतोच, पण तेवढाच नसतो. एवढी वर्षे आपण आणि अनोळखी हजारो माणसे एकाच देवळात बसून ऐकत होतो, याची त्या दिवशी खूण पटते. सांगणारा मध्येच उठून गेला तरी ऐकणाऱ्यांतलाच कोणी पुढे सरकून पोथी उघडतो, ही खात्री होते. कथा अद्‌भुत असो की पुराणातली, देवळात बसलेल्या माणसांच्या अंगावरचा दिवसभराचा शीण खरा असतो. त्यांना मी पळपुटे म्हणू शकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती सगळी पुन्हा शेतात असत.

पुस्तक परत करायला गेले तेव्हा सरांनी विचारले, "मग? कसा वाटला शेवट?" मी म्हटले, "सर, पहिला खंड पुन्हा द्याल का? सुरुवातीची चार पाने वाचायची आहेत."

— द्वितीय वर्ष, कला